निळी मॉर्निंग ग्लोरी बियांपासून कशी वाढवायची: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

"वेल तर मस्त वाढली, पानांनी भरून गेली, पण फुलंच येईनात" हा प्रश्न मॉर्निंग ग्लोरीबद्दल सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, तुम्ही तिचे लाड जरा जास्तच केलेत. मी बरीच वर्षं ही वेल लावतेय आणि दरवेळी कोणी ना कोणी तेच प्रश्न घेऊन येतं, म्हणून म्हटलं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिहूनच काढू, म्हणजे नवीन माणसाला दहा ठिकाणी शोधत बसायला नको.

आधी ही वेल मुळात कुठली आहे ते बघा, कारण पुढच्या सगळ्या स्टेप्स त्यावरच अवलंबून आहेत. आपण ज्या आकाशी निळ्या, मध्ये पांढरा-पिवळा गळा असलेल्या मोठ्या फुलांबद्दल बोलतोय तिचं शास्त्रीय नाव आयपोमिया ट्रायकलर. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, उष्ण भागातल्या डोंगराळ जंगलांतली. अशा ठिकाणी दाट सावलीत वेलीला काही मिळत नाही, ती जंगलाच्या कडेला, झाडं पडून उजेड आलेल्या मोकळ्या जागेत उगवते, शेजारच्या बारीक झुडपाला धरून भराभर वर चढते आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलते. म्हणजे तिला लागतं काय? डोक्यावर ऊन, पायाशी निचरा होणारी बेताचीच माती, धरायला काहीतरी बारीक आणि रात्री काळोख. एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

१. बी कुठलं घ्यायचं

मॉर्निंग ग्लोरी या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वेली विकल्या जातात, आणि मराठीत गारवेल म्हटलं तरी तोच घोळ. म्हणून पाकिटावर शास्त्रीय नाव आहे का ते बघा.

आयपोमिया ट्रायकलर म्हणजे आपली निळी. यात 'हेवनली ब्लू' हा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार, पांढऱ्या फुलांचा 'पर्ली गेट्स', आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा 'फ्लाइंग सॉसर्स'. पानं बदामाच्या आकाराची आणि जवळजवळ गुळगुळीत.

आयपोमिया पर्प्युरिया जांभळी, गुलाबी वगैरे, फुलं थोडी लहान, खोडावर आणि फुलाच्या देठापाशी लव असते. ही लवकर फुलते, त्यामुळे ज्यांना अजिबात धीर नाही त्यांनी हिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

आयपोमिया निल म्हणजे जिच्या बियांना आपण काळादाणा म्हणतो ती, पानं बहुतेक वेळा तीन भागांची आणि लवदार.

आयपोमिया इंडिका मात्र विचार करून घ्या. ही बहुवर्षीय आहे, फांदीला फांदी लागून पसरते, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत तिने जंगलं झाकून टाकलीत म्हणून तिथे ती तण समजली जाते. "कटिंग देतो, लगेच लागते" असं कोणी म्हणालं तर ती बऱ्याचदा हीच असते.

गणेशवेल (बारीक लाल चांदण्यांसारखी फुलं), चंद्रवेल (रात्री उमलणारी पांढरी) आणि आपलं रताळं हेसुद्धा याच आयपोमिया वंशातले, पण त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

२. सामान

फार काही लागत नाही. १० ते १५ बिया (पाकिटात साधारण तेवढ्याच येतात). १२ इंची किंवा मोठी कुंडी, तळाला भोकं असलेली. माती, त्यात थोडं कंपोस्ट आणि वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). नेलकटर किंवा सँडपेपरचा तुकडा. एक वाटी कोमट पाणी. सुतळी, जाळी किंवा बारीक काठ्या. आणि घरात लहान मुलं असतील तर बिया ठेवायला झाकण घट्ट बसणारी डबी, ही ऑप्शनल नाही, कारण शेवटी सांगते.

मातीचं माप म्हणाल तर दोन भाग साधी बागेतली माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं कुजलेलं कंपोस्ट. यापेक्षा जास्त कंपोस्ट घालू नका. "वेल मोठी होणार आहे तर खत भरपूर हवं" असं वाटतं खरं, पण नायट्रोजन जास्त झाला की वेल पानं काढत बसते आणि कळ्या लांबतात. नुकतंच खत घातलेली माती असेल तर त्यात दुसरं काहीतरी लावा आणि हिच्यासाठी साधी माती घ्या.

३. जागा

रोज निदान सहा तास थेट ऊन. त्यातही सकाळचं ऊन मिळालं तर उत्तम, कारण फुलं सकाळीच उघडतात आणि तुम्हालाही ती तेव्हाच बघायची आहेत. कडक उन्हाळा असलेल्या भागात दुपारची थोडी सावली चालते, उलट बरीच वाटते.

जागा निवडताना दिवसा बघतो आपण, पण एकदा रात्री जाऊन उभे राहा तिथे. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असतो का? समोरच रस्त्यावरचा दिवा आहे का? ही वेल दिवस लहान झाले की, खरं तर रात्र लांबली की, फुलाची तयारी करते आणि रात्रभर अंगावर प्रकाश पडत राहिला तर तिला रात्र झाल्याचं कळतच नाही. काळादाण्याच्या वेलीवर तर यावर खूप अभ्यास झालाय, त्यातल्या एका प्रकाराला लांबलचक अशी एकच अंधारी रात्र मिळाली तरी तो कळ्या धरतो. त्यामुळे दिव्याखालची जागा टाळा किंवा तो दिवा बंद करता येईल अशी सोय बघा.

वाऱ्याचंही बघा, पानं मोठी आणि पातळ असतात, सारखा जोराचा वारा लागला की कडा फाटतात.

४. पेरायचं कधी

माती कोमट झाल्यावर, २० ते २५ अंश सेल्सियसच्या आसपास. जिथे थंडीत दंव गोठतं किंवा बर्फ पडतो तिथे तो धोका पूर्ण टळल्याशिवाय बाहेर पेरू नका. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर रोपं जगतात पण पानं पिवळट-पांढरी पडतात आणि वाढ थांबते, मग लोकांना वाटतं खत कमी पडलं, ते खत घालतात आणि अजून बिघडतं. तिथे खत नको, ऊब हवी.

जिथे वर्षभर उबदार असतं तिथे महिना तुमच्या हातात आहे, फक्त उलटं मोजा. या वेलीला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच ते चार महिने लागतात आणि दिवस लहान होत असताना ती जास्त फुलते. म्हणजे दिवस लहान व्हायला लागतील तेव्हा वेल मोठी झालेली असेल असं बघून पेरा. फार आधी पेरलं तर महिनोन्महिने नुसती पानंच बघत बसावं लागतं.

५. बियांची तयारी (ही स्टेप गाळू नका)

बी काळपट, लांबट, एका बाजूला कोन असलेलं आणि कवच एकदम कडक. तसंच मातीत टाकलं तर काही उगवतात, काही आठवडेच्या आठवडे पडून राहतात. म्हणून कवचाला छोटीशी वाट करून द्यायची.

बी हातात घेऊन नीट बघा. एका टोकाला छोटा खळगा दिसेल, तिथून बी फळाला चिकटलेलं होतं आणि कोंब त्याच बाजूने निघतो. ते टोक सोडून द्या. त्याच्या विरुद्ध बाजूला, गोलसर पाठीवर, नेलकटरने अगदी जराशी कपची उडवा किंवा सँडपेपरवर चारपाच वेळा घासा, आतला फिकट भाग ठिपक्याएवढा दिसला की थांबा. खोल कापलंत तर आतलं बीजपत्र (बियातलं पहिलं पान) दुखावतं.

मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला, १२ तास पुरतात, २४ तासांच्या वर ठेवू नका, बी कुजायला लागतं. सकाळी बघाल तर काही बिया दुप्पट फुगलेल्या असतात, त्या लगेच पेरायच्या. ज्या तशाच टणक राहिल्यात त्यांना परत थोडं घासा आणि पुन्हा काही तास भिजवा. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया लगेच फेकू नका, कधीकधी नुसती हवा अडकलेली असते, बोटाने दाबून खाली ढकला, तरी सकाळपर्यंत वरच असतील आणि फुगल्या नसतील तर त्या पोकळ समजा.

हे करताना हातमोजे घाला नाहीतर नंतर हात साबणाने नीट धुवा, कारण विकतच्या बियांना बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं. आणि भिजवायची वाटी स्वयंपाकातली घेऊ नका.

६. पेरणी

जिथे वेल शेवटपर्यंत राहणार आहे तिथेच पेरा. या वेलीला मुळं हलवलेली अजिबात आवडत नाहीत, ट्रेमध्ये रोपं करून मग ट्रान्सप्लांट केली तर ती कितीतरी दिवस रुसून बसतात. अगदीच आत सुरुवात करायची असेल, म्हणजे थंड प्रदेशात, तर कागदाच्या कपात पेरा आणि तळ फाडून कपासकट मातीत ठेवा.

१ ते दीड सेंटीमीटर खोल, दोन बियांमध्ये १५ ते २० सेंटीमीटर अंतर. १२ इंची कुंडीत चारपाच बिया पेरा आणि शेवटी दोन, फार तर तीन रोपं ठेवा. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात, कात्रीने मातीलगत कापा. मला माहितीये जीव होत नाही कापायला, पण पाच ठेवली तर पाचही उपाशी राहतात.

माती ओलसर ठेवा, चिखल नको. चारपाच दिवसांत पहिला कोंब दिसतो, कधी दोन आठवडेही लागतात. पहिली दोन पानं बघून घाबरू नका, ती बदामाच्या आकाराची नसतात, मध्ये खोल चीर पडलेली, दोन फाकांची असतात. ती बीजपत्रं आहेत. खरं बदामी पान त्यानंतर येतं.

या दिवसांत गोगलगायी सगळ्यात मोठा शत्रू. संध्याकाळी टॉर्च घेऊन एक फेरी मारा आणि हाताने उचला. एका रात्रीत अख्खं रोप खातात, खोटं नाही.

७. आधार

रोप वीतभर झालं की लगेच आधार द्या, उशीर केलात तर वेली एकमेकींनाच गुंडाळतात आणि मग सोडवताना शेंडे तुटतात.

ही वेल द्राक्षासारखे तंतू काढत नाही, तिचं खोडच आधाराभोवती फिरत वर जातं. त्यामुळे आधार बारीक हवा: सुतळी, तार, जाळी, बोटाएवढी काठी. जाड खांब किंवा सपाट भिंत तिला धरता येत नाही. खांब असेल तर त्याला सुतळी उभी बांधा, की झालं.

आता एक गोष्ट जी बरेच जण करतात: वेल सरकली म्हणून उचलून काठीला उलट्या बाजूने गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी बघतात तर वेल सुटलेली. वरून बघितलं तर ही वेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, नेहमीच, तुम्ही कुठेही लावा. त्यामुळे मदत करायची तर त्याच दिशेने करा, शेंडा न दाबता, आणि बांधायचं असेल तर सैल. मोकळ्या शेंड्याकडे थोडा वेळ लक्ष ठेवून बघा, तासा-दोन तासांत तो हवेत गोल फिरत आधार शोधताना दिसतो. बघण्यासारखं असतं!

उंची २ ते ४ मीटर धरून चाला. पाच-सहा पानं आल्यावर शेंडा एकदा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि वेल खालून भरते. एकदाच बरं का, सारखं खुडत बसू नका.

८. पाणी आणि खत

मातीत बोट घालून बघा, वरचा थर कोरडा लागला की पाणी. कुंडीत कडक उन्हाच्या दिवसांत रोज लागेल. भर दुपारी पानं मलूल होतात, ते नेहमी तहानेमुळेच असतं असं नाही, ऊन उतरल्यावर आपोआप ताठ झाली तर पाणी ओतू नका. सकाळपर्यंत मलूलच राहिली तर मात्र द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

खत जवळजवळ नकोच. जमिनीत असेल तर काहीच नको. कुंडीत असेल तर वेल मोठी झाल्यावर, कळ्या यायच्या सुमाराला, नायट्रोजन कमी आणि पोटॅश जास्त असलेलं खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या प्रमाणात, महिन्यातून एकदा. युरिया नाही, ताजं शेणखत नाही.

९. फुलंच येत नाहीत तर

या क्रमाने तपासा, बहुतेक वेळा पहिल्या तिनातच उत्तर मिळतं.

ऊन किती तास मिळतंय ते दिवसभर बघून मोजा, अंदाजाने नको. खत घातलंय का, घातलं असेल तर बंद करा आणि महिनाभर नुसतं पाणी. रात्री दिवा पडतो का. दिवस अजून मोठेच आहेत का, असतील तर तुमचं काहीच चुकलेलं नाही, थांबा. कुंडी खूप मोठी असेल तर वेल आधी मुळं आणि पानं वाढवते, थोडी अडचण झाली की कळ्या धरते. यातलं काहीच नसेल तर बियाण्याची जात उशिरा फुलणारी असू शकते, ट्रायकलर तशी उशीरच लावते.

१०. कीड

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराचसा जातो, उरलेल्याला साबणाचं अगदी पातळ पाणी किंवा नीमतेल संध्याकाळी. पानं वरून फिकट ठिपक्याठिपक्यांची दिसली आणि खालून बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी, कोरड्या गरम हवेत हमखास, पानांच्या खालच्या बाजूला रोज पाणी मारा. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून टाका, वेलीला फरक पडत नाही. भोकं पडलेली पानं दिसली म्हणून लगेच विषारी औषध मारू नका, फुलांवर मधमाश्या येणार आहेत.

११. फुलं आल्यावर काय बघायचं

एक दिवस अलार्म लावून उजाडायच्या आधी उठा. आदल्या संध्याकाळी कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते आणि रंग जांभळट-लालसर. पहाटे तो पीळ सुटत जातो, आतला भाग पसरतो आणि तोच लालसर रंग डोळ्यांदेखत निळा होतो. हे का होतं ते शास्त्रज्ञांनी शोधलंय: रंगद्रव्य एकच असतं, पण पाकळीच्या पेशीतल्या रसाचा पीएच ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो, आम्लपणा कमी होतो आणि रंग निळा दिसतो. घरी करून बघायचं असेल तर निळ्या पाकळीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, तिथे गुलाबी डाग पडतो, मुलांना हे फार आवडतं.

फूल एकच दिवस टिकतं. ऊन चढलं की कडा आत वळायला लागतात, दुपारपर्यंत मिटून गुलाबी-जांभळं होतं. ढगाळ, गार दिवशी संध्याकाळपर्यंतही उघडं राहतं. हे रोगाचं लक्षण नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी फुलं असतात. फुलदाणीत ठेवायला मात्र हे फूल नाही.

१२. बिया: गोळा करणं आणि सांभाळणं

आधी धोक्याचं बोलते. या बिया खायच्या नाहीत, चघळायच्या नाहीत, कोणी काहीही सांगितलं तरी. त्यांत एर्गोलिन गटातली अल्कलॉइड (वनस्पतीत सापडणारी तीव्र परिणामाची रसायनं) असतात, एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या जवळची. मेक्सिकोतले मूळ लोक धार्मिक विधीत अशा बिया वापरायचे आणि एलएसडी पहिल्यांदा बनवणाऱ्या अल्बर्ट हॉफमन यांनीच १९६० च्या सुमाराला त्यातली द्रव्यं ओळखली. ही द्रव्यं वेल स्वतः करत नाही, तिच्यासोबत राहणारी एक बुरशी करते. पोटात गेल्या तर मळमळ, उलट्या, भास होऊ शकतात, वर बुरशीनाशकाचा लेप असेल तर ते वेगळंच विष. लहान मूल, कुत्रा, मांजर यांनी खाल्ल्या असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा आणि पाकीट सोबत न्या. रताळ्याची बहीण आहे म्हणून पानांची भाजी करायचाही विचार नको.

फूल गळल्यावर हिरवी छोटी बोंडं धरतात, काही आठवड्यांनी ती वाळून तपकिरी आणि कागदासारखी होतात. तेव्हाच काढा, हिरवी असताना काढलेल्या बिया उगवत नाहीत. ट्रायकलरच्या बोंडात जास्तीत जास्त चार बिया असतात. वाळलेलं बोंड फुटून बिया खाली पडायच्या आत काढा, विशेषतः उबदार प्रदेशात, कारण पडलेल्या बिया पुढे कितीतरी वर्षं उगवत राहतात. वेल काढताना ती ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नका, बोंडं वेगळी करून मगच कंपोस्टमध्ये घाला. तुमच्या भागात ही वेल तण म्हणून बंदी असलेल्या यादीत आहे का तेही लावायच्या आधी बघून घ्या.

शेजारी पांढरी किंवा पट्ट्यांची ट्रायकलर असेल तर मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात आणि पुढच्या वेळी रंग बदलू शकतो, निळीच हवी असेल तर एकच प्रकार लावा.

बिया सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पाकीट त्या घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी मुलांचा हात पोचणार नाही अशा गार कोरड्या जागी. पाकिटावर जात, रंग, पेरणीचा महिना आणि पहिलं फूल कधी आलं ते लिहा, पुढच्या वर्षी पेरणी कधी करायची हे त्या दोन तारखांवरूनच ठरवता येतं.